मेहेरबानी नव्हे, हक्क

विद्यार्थी मित्रांनो, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या गावांची नावे तुम्ही ऐकली आहेत. तुमच्यापैकी काही जण तर तिथेच राहत असतील. या गावांत यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालू असतो. कुणाचे अब्बा माग चालवतात, कुणाचे चाचा मागांची दुरुस्ती करतात, कुणाचा मोठा भाऊ कांड्या भरतो. यंत्रामुळे काम झटपट होते आणि त्यावर घर चालते. पण यंत्राला डोळे नसतात. सूत कोणते आणि माणसाचे बोट कोणते, हे त्याला कळत नाही. क्षणभर लक्ष चुकले, धोटा उडाला किंवा पट्टा तुटला, तर धडधाकट माणूस जायबंदी होतो.

आता एका प्रश्नाचा विचार करा. काम करताना कामगाराचा हात गेला, तर त्याच्या औषधपाण्याचा खर्च कोणी करायचा? तो घरी पडून असेल तेव्हा त्याच्या मुलाबाळांनी काय खायचे? तुम्ही लगेच म्हणाल, मालकाने भरपाई दिली पाहिजे. आज तसा कायदा आहे, म्हणून हे उत्तर आपल्याला सोपे वाटते. परंतु सुमारे १४० वर्षांपूर्वी आपल्या देशात हे उत्तर कोणी देत नव्हते. त्या काळात मुंबईतील एका माणसाने हा प्रश्न जाहीर सभेत विचारला आणि त्याचे उत्तरही लिहून सरकारपुढे ठेवले. त्या माणसाचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. भारतातील कामगार चळवळीचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे एका गरीब कुटुंबात झाला. त्या काळच्या मानाने त्यांचे शिक्षण बरे झाले होते. पण घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे त्यांना लवकर नोकरी धरावी लागली. प्रथम त्यांनी रेल्वेच्या कचेरीत व टपाल खात्यात काम केले. पुढे मुंबईच्या मांडवी गिरणीत त्यांना भांडारपालाची, म्हणजे स्टोअरकीपरची नोकरी मिळाली. या नोकरीने त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले.

त्या वेळची मुंबई कशी होती, हे थोडे समजून घेऊ. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढण्यासाठी कंपनी स्थापन केली. दोन वर्षांनी ती गिरणी सुरू झाली. मग एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या. परळ, लालबाग, भायखळा या भागांत उंच धुराडी दिसू लागली. कोकणातून, देशावरून शेतकऱ्यांची मुले पोट भरण्यासाठी मुंबईला आली. उत्तर हिंदुस्थानातील हातमागाचा धंदा बसला, तेव्हा तिकडचे मोमीन विणकरही मुंबईला आले आणि मदनपुऱ्यात राहू लागले. हिंदू आणि मुसलमान कामगार एकाच छपराखाली, शेजारीशेजारी साच्यावर उभे राहत. गिरणीतील कामगार मागाला साचा म्हणत.

गिरणीत काम करणे सोपे नव्हते. सूर्य उगवला की काम सुरू होई आणि सूर्य मावळला की बंद होई. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही जास्त. तेरा-चौदा तास उभे राहावे लागे. आठवड्याची सुट्टी ठरलेली नव्हती. दुपारी जेवणासाठी वेळ मिळेलच असे नव्हते. सारी यंत्रे वाफेच्या एका मोठ्या इंजिनावर चालत. इंजिनापासून छतापर्यंत आणि छतापासून प्रत्येक यंत्रापर्यंत चामड्याचे पट्टे फिरत असत. धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर पट्ट्यात अडकला, तर माणूस ओढला जाई. चालू यंत्र पुसताना बोटे दातेरी चाकात सापडत. लहान मुलेही गिरणीत कामाला होती.

अपघात झाला की काय होई? जखमी माणसाला बाजूला नेत आणि त्याच्या जागी दुसऱ्याला उभे करीत. जितके दिवस काम, तितकाच पगार, असा हिशेब होता. खाटेवर पडलेल्या माणसाला काही मिळत नसे. एखादा मालक दयाळू असला, तर तो चार रुपये हातावर ठेवी. ती त्याची मेहेरबानी. मालक दयाळू नसला, तर कामगाराने मुकाट्याने गावची वाट धरावी. एका हाताचा माणूस गावी जाऊन तरी काय करणार? त्याला नांगरही धरता येत नसे.

तुम्ही विचाराल, कामगार कोर्टात का जात नव्हता? कोर्टाचा दरवाजा उघडा होता, पण तो फार उंच होता. १८५५ साली सरकारने एक कायदा केला होता. दुसऱ्याच्या चुकीमुळे माणूस मेला, तर त्याच्या घरच्यांना नुकसानभरपाई मागता येईल, असे त्यात म्हटले होते. पण चूक दुसऱ्याचीच होती, हे त्यांनी सिद्ध करायचे. ज्या कामगाराला लिहिता-वाचता येत नाही, ज्याच्याजवळ वकिलाला द्यायला पैसे नाहीत, तो मालकाची चूक कशी सिद्ध करणार? शिवाय मालकाच्या बाजूने सांगायला पुष्कळ होते. यंत्र धोक्याचे आहे हे माहीत असूनही त्याने नोकरी धरली, तेव्हा धोकाही त्याचाच. किंवा, चूक मालकाची नव्हे, दुसऱ्या कामगाराची होती. इंग्लंडमधील न्यायालयांतसुद्धा अशा कारणांवरून कामगारांचे दावे बुडत असत.

गिरणीच्या भांडाराचा हिशेब ठेवताना नारायणरावांनी हे सारे जवळून पाहिले. त्यांना स्वतःला यंत्रावर काम करावे लागत नव्हते. महिन्याचा पगार घेऊन ते स्वस्थ राहू शकले असते. पण त्यांच्या मनावर महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा संस्कार झाला होता. फुले यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. नारायणराव त्या समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते झाले. जन्माने कोणी उच्च किंवा नीच नाही, आणि कष्ट करणाऱ्या माणसाला मान मिळाला पाहिजे, हे ते फुले यांच्याकडून शिकले.

सत्यशोधक विचारांचे 'दीनबंधू' नावाचे एक साप्ताहिक होते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली ते पुण्यात सुरू केले होते. पैशाअभावी ते चालवणे कठीण झाले, तेव्हा १८८० साली नारायणरावांनी ते मुंबईला आणले. बांधलेल्या पगाराची नोकरी सोडून ते संपादक झाले. 'दीनबंधू' म्हणजे गरिबांचा भाऊ. या पत्रातून ते शेतकऱ्यांची आणि गिरणी कामगारांची दुःखे मांडू लागले.

१८८१ साली सरकारने हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा केला. त्यात सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली होती. सात ते बारा वर्षांच्या मुलांनी नऊ तासांपेक्षा जास्त काम करू नये, असे ठरवले होते. धोक्याच्या यंत्रांभोवती कुंपण घालावे, असेही त्यात होते. पण मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांना मर्यादा नव्हती, आणि जखमी कामगाराच्या भरपाईबद्दल त्यात एक शब्दही नव्हता.

या कायद्याला गिरणीमालकांचा विरोध होताच, पण अनेक देशी वर्तमानपत्रेही त्याच्या विरुद्ध होती. त्यांचे म्हणणे असे, की इंग्लंडमधील गिरणीमालकांना आपल्या गिरण्यांची भीती वाटते, आपले कापड महाग व्हावे म्हणून ते असे कायदे करवून घेतात. या म्हणण्यात काही तथ्यही होते. पण नारायणरावांनी दुसरी बाजू पाहिली. धंदा देशी असला, तरी त्यात पिचणारा मजूरही देशीच आहे, हे ते विसरले नाहीत. देशाचा धंदा वाढावा, पण तो मजुराच्या रक्तावर वाढू नये, अशी त्यांची भूमिका होती. सर्व शहाणी माणसे एका बाजूला असताना अशी भूमिका घेण्यास धैर्य लागते.

१८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक कमिशन नेमले. ही संधी साधून नारायणरावांनी त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात परळ येथे कामगारांच्या सभा बोलावल्या. दिवसभर राबून थकलेली माणसे हजारोंच्या संख्येने जमली. आपल्या मागण्या एका अर्जात लिहिल्या गेल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांनी त्या अर्जाला पाठिंबा दिला. याच वेळी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही कामगारांची संघटना उभी राहिली आणि नारायणराव तिचे अध्यक्ष झाले. आजच्या युनियनसारखी वर्गणी, सभासदांची यादी किंवा नियमांचे पुस्तक या संघटनेजवळ नव्हते. पण मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने बोलणारा कोणीतरी आहे, हे तिच्यामुळे सर्वांना समजले.

त्या अर्जात पाच मागण्या होत्या. पहिली, दर रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी. दुसरी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. तिसरी, काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला बंद व्हावे. चौथी, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. आणि पाचवी मागणी जखमी कामगारांसाठी होती. काम करताना कामगाराला गंभीर दुखापत झाली, तर तो बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाला, तर त्याच्या उदरनिर्वाहाची योग्य सोय करावी.

मित्रांनो, ही पाचवी मागणी पुन्हा एकदा वाचा. तिच्यात चूक कोणाची, हा प्रश्नच नाही. माणूस मालकाच्या कामावर असताना जखमी झाला, एवढे पुरेसे आहे. यंत्र बिघडले तर दुरुस्तीचा खर्च मालकच करतो. इंजिन फुटले तर नवे इंजिन तोच आणतो. हा धंद्याचाच खर्च असतो. मग त्याच यंत्रावर माणूस मोडला, तर त्याचा भार एकट्या गरीब कुटुंबाने का सोसावा? या मागणीमागचा विचार हा असा आहे.

हा विचार त्या काळी जगातही नवा होता. त्याच १८८४ साली जर्मनीत कामगारांच्या अपघाती विम्याचा कायदा झाला आणि विम्याचा खर्च मालकांवर टाकण्यात आला. इंग्लंडमध्ये भरपाईचा तसा कायदा व्हायला १८९७ साल उजाडावे लागले. म्हणजे ज्या देशाचे राज्य आपल्यावर होते, त्या देशाच्या आधी १३ वर्षे परळच्या सभेतील कामगारांनी ही गोष्ट मागितली होती. त्यांतील बहुतेकांना सहीसुद्धा करता येत नसेल.

मागण्या लगेच मान्य झाल्या नाहीत. नारायणराव मात्र थांबले नाहीत. सभा, अर्ज आणि 'दीनबंधू'तील लेख असे त्यांचे काम चालू राहिले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची मोठी सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. त्या काळात स्त्रीने हजारो लोकांपुढे उभे राहून बोलणे ही फार मोठी गोष्ट होती. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारच्या सुट्टीची मागणी मान्य केली. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या कमिशनच्या कामात कामगारांची बाजू मांडण्यासाठी नारायणरावांना घेण्यात आले. १८९१ साली कारखाना कायद्यात सुधारणा झाली. आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्धा तास विश्रांती कायद्यात आली. स्त्रिया व मुले यांच्या कामाचे तास कमी झाले. पाचवी मागणी मात्र तशीच राहिली.

नारायणरावांचे काम गिरणीपुरते नव्हते. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली. कालपर्यंत शेजारी उभे राहून काम करणारी माणसे एकमेकांच्या जिवावर उठली. दंगलीत गरिबांचीच घरे उजाड होतात, हे नारायणराव जाणत होते. दोन्ही समाजांत पुन्हा सलोखा व्हावा म्हणून त्यांनी रात्रंदिवस धडपड केली. राणीच्या बागेत त्यांनी सर्व धर्मांच्या लोकांचा मेळावा भरवला. पट्ट्यात सापडलेल्या हाताचा धर्म यंत्र विचारत नाही. मग कामगारांनी तरी एकमेकांचा धर्म पाहून वैर का करावे? १८९५ साली सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. किताब मिळाला, तरी ते गरिबांपासून दूर गेले नाहीत.

१८९६ साली मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली. लोक शहर सोडून पळू लागले. गिरण्या ओस पडल्या. ज्यांना जायला जागा नव्हती, ते गरीब लोक चाळींत मरत होते. नारायणरावांना पळून जाता आले असते. ते गेले नाहीत. रोग्यांसाठी त्यांनी इस्पितळ सुरू करण्यात पुढाकार घेतला आणि स्वतः त्यांच्या सेवेत राबले. या सेवेतच त्यांना प्लेगने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी वयाची पन्नाशीही गाठली नव्हती. इंग्लंडमधला कायदा झाला तो त्यानंतर सहाच महिन्यांनी.

पाचव्या मागणीचे पुढे काय झाले, हे आता सांगतो. ती मागणी २६ वर्षे आणखी वाट पाहत राहिली. पहिल्या महायुद्धानंतर कामगारांच्या संघटना वाढल्या. नारायण मल्हार जोशी यांच्यासारखे कामगारांचे प्रतिनिधी दिल्लीच्या कायदेमंडळात बोलू लागले. अखेर १९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. परळच्या अर्जाला तेव्हा ३९ वर्षे झाली होती.

या कायद्याने काय बदलले? अपघात कामामुळे आणि कामावर असताना झाला असेल, तर मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज उरली नाही. कोणता अवयव गेल्यास कमाईची शक्ती किती टक्के कमी झाली, हे कायद्यातच लिहिले गेले. कामगाराचा मृत्यू झाला, तर त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना भरपाई मिळू लागली. दावे ऐकण्यासाठी वेगळे आयुक्त नेमले गेले. आणखी एक मोलाची गोष्ट त्यात होती. भरपाई मागणार नाही, असे एखाद्या कामगाराकडून आधीच लिहून घेतले, तरी तो कागद कायद्यापुढे टिकत नाही. कामगाराने दारू पिऊन काम केले किंवा सुरक्षिततेचे साधन मुद्दाम काढून टाकले, तर मात्र काही बाबतींत मालकाची जबाबदारी उरत नाही. म्हणजे कायद्याने कामगारालाही आपले कर्तव्य सांगितले आहे.

तरीही एक फरक लक्षात ठेवा. लोखंडे यांनी जखमी कामगारासाठी बरा होईपर्यंत पूर्ण पगार मागितला होता. १९२३ च्या कायद्याने त्याला साधारण अर्धा पगार दिला. त्यांची मागणी त्यांच्या काळाच्या किती पुढे होती, ते यावरून दिसते. पुढे १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला आणि अनेक कामगारांना उपचाराचीही सोय मिळाली. २००९ साली जुन्या कायद्याचे नाव बदलून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा असे झाले. २०२० साली संसदेने सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर केली. तिच्यात भरपाईच्या या तरतुदी घेतल्या आहेत.

कायदा झाला म्हणजे सारे झाले, असे मात्र समजू नका. आजही एखाद्या लहान कारखान्यात कामगाराचे नाव हजेरीपुस्तकात नसते. अपघात झाला की तो कामावरच नव्हता, असे सांगितले जाते. थोडे पैसे देऊन कोऱ्या कागदावर अंगठा घेतला जातो. ज्याला आपला हक्क माहीत नसतो, तो ते पैसे मेहेरबानी समजून घेतो आणि गप्प बसतो.

म्हणून हा धडा वाचून झाल्यावर एक काम करा. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी कारखान्यात काम करीत असेल, तर त्यांच्याजवळ बसा. त्यांचे नाव हजेरीपुस्तकात आहे का, विमा आहे का, यंत्राच्या पट्ट्यावर आणि चाकांवर जाळी आहे का, ते विचारा. वाचता येत नाही अशा कागदावर अंगठा करू नका, असे त्यांना सांगा. तो कागद तुम्ही वाचून दाखवा. तुम्ही शिकता, त्याचा हा एक उपयोग आहे.

अर्ज, मालक, मजूर, जखमी, मेहेरबानी, हक्क हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत आणि मराठीतही आहेत. परळच्या सभेत जमलेल्या कामगारांनाही ते कळत होते. मेहेरबानी मालकाच्या मर्जीवर असते. तो आज करील, उद्या करणार नाही. हक्क कुणाच्या मर्जीवर नसतो. जखमी कामगाराची भरपाई मेहेरबानीच्या रकान्यातून काढून हक्काच्या रकान्यात लिहावी, यासाठी नारायण मेघाजी लोखंडे आयुष्यभर झटले. २००५ साली भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही मैदानावर खेळायला जाल, तेव्हा त्यांची आठवण ठेवा. आणि रस्त्यात एखादा हात गमावलेला कामगार भेटला, तर त्याची कीव करू नका. त्याला त्याचा हक्क मिळाला का, हे विचारा.